लग्न आणि घरातल्या नात्यांवर लिहायचंय? मराठवाड्यात हे काम कसं उभं करावं

मराठवाड्यात लेकीची खुशाली विचारताना ‘नांदते ना?’ असं विचारतात. नांदणं या एका शब्दात नवरा, सासू, चूल, शेत, माहेरची ये-जा आणि गावाची नजर असं सगळं येतं. नवरा चांगला असून पोरगी नांदत नाही, आणि नवरा दारू पिऊनही ती नांदते, अशी दोन्ही घरं एकाच गल्लीत सापडतात. लग्न आणि कुटुंब या विषयावर लिहिणाऱ्याला हा फरक उलगडून सांगता आला पाहिजे. ‘संवाद वाढवा’, ‘एकमेकांना समजून घ्या’ एवढ्यावर सदर चार आठवडे चालतं, पाचव्या आठवड्याला वाचक पान उलटतो. पत्र लिहिणाऱ्या बाईला उद्या सकाळी त्याच घरात उठायचं असतं. तुमचा सल्ला तिथं, त्या माणसांसमोर करता आला पाहिजे. पुढचं सगळं याच कसोटीवर लिहिलं आहे.

आधी विषयाची पट्टी आखून घ्या

नाती हा विषय अफाट आहे. सुरुवातीचं वर्षभर एखाद-दोन पट्ट्यांतच काम करा. मराठवाड्यात न लिहिलेलं इतकं आहे की बाहेर बघावं लागत नाही. मुलगा नीटच्या तयारीला लातूरला किंवा नांदेडला, त्याच्यासोबत आई खोली करून, बाप गावाकडं शेतात. दोन-तीन वर्षं नवरा-बायको असे वेगळे राहतात आणि त्या लग्नाचं काय होतं यावर फारसं कोणी लिहीत नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे ‘कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, जोडप्यावर मिळते, एकट्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. त्यामुळं तिथं लग्न हा मजुरीचा हिशेबही असतो, आणि लेकरं सहा महिने आजी-आजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात. तिशी ओलांडलेला, चार एकर असलेला शेतकरी मुलगा आणि ‘नोकरीवालाच पाहिजे’ म्हणणारे पाहुणे. पुण्याला, चाकणला कंपनीत गेलेला मुलगा आणि गावात राहिलेले आईबाप. कर्जापायी नवऱ्यानं जीव दिल्यावर सासरच्या घरात उरलेली बाई. बहिणींच्या हक्कसोड पत्रावरून तुटलेली भावा-बहिणीची राखी. यातली एक पट्टी निवडा, तिच्यातली किमान पंचवीस माणसं ऐकून घ्या आणि मगच लिहायला बसा.

नात्यातलं लग्न ही पट्टी तर वेगळी शिकावीच लागते. आपल्याकडं सून सासूला ‘आत्या’ आणि सासऱ्याला ‘मामा’ म्हणते. काही घरांत ती नुसती हाक असते, काही घरांत ती खरोखरच बापाची सख्खी बहीण असते. पत्रात ‘आत्या त्रास देते’ असं आलं तर पहिला प्रश्न हाच: सख्खी का हाकेची? सख्खी असेल तर पोरगी माहेरी परत आली की बापाचं आणि त्याच्या बहिणीचं नातं मोडतं. म्हणून बाप तिला ‘जाऊ दे, सांभाळून घे’ म्हणतो. ही अडचण न कळता लिहिलेला सल्ला त्या घरात एक दिवसही टिकत नाही.

लेखक कुठं थांबतो तेही आधीच ठरवा. समुपदेशक समोर बसवून दोन्ही बाजू ऐकतो, वकील कागद बघतो. तुमच्याकडं एका बाजूचं एक पत्र असतं. त्यामुळं ‘तुमचा नवरा संशयी वृत्तीचा रुग्ण आहे’ असलं निदान कधीही लिहू नका. तुमच्या सदराखाली दर वेळी दोन ओळी छापून घ्या: उत्तर पत्रातल्या माहितीवरच दिलेलं आहे, तातडीची मदत पुढील क्रमांकांवर मिळेल.

माणसं कुठं भेटतात

लग्न जमवणारा मध्यस्थ, अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गटाची अध्यक्ष, मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक, बस्त्याचं कापड दुकान. या लोकांना घरांच्या आतलं जितकं ठाऊक असतं तितकं कोणत्याही पुस्तकात नाही. बस्ता बांधताना कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं हे अर्धा दिवस दुकानात बसून पाहिलं तरी एक लेख तयार होतो. सरकारी बाजूला प्रत्येक तालुक्याचे संरक्षण अधिकारी, घरगुती तक्रारी ऐकणारा पोलिसांचा भरोसा सेल, पीडित बायकांना एका जागी मदत देणारं सखी वन स्टॉप सेंटर आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. यांच्याकडं नावं मागायची नाहीत. ‘तुमच्याकडं येणाऱ्या तक्रारी कोणत्या महिन्यात वाढतात?’ एवढं विचारा. हंगाम, सण, पीकविक्री यांच्याशी भांडणाचा मेळ कसा असतो ते उत्तरातून उलगडत जातं.

बाईची मुलाखत तिच्या ओसरीवर घेऊ नका. सासू धान्य निवडत शेजारी बसलेली असते आणि तुम्हाला ‘सगळं चांगलं आहे’ याशिवाय काहीच हाती लागत नाही. बचत गटाच्या मीटिंगनंतरचा अर्धा तास किंवा दवाखान्याच्या रांगेतला वेळ बरा. पुरुषाशी बोलायचं असेल तर त्याला घरात गाठू नका. बांधावर किंवा आठवडी बाजारातून परतताना पुरुष बोलतात, चार लोकांच्या पारावर बोलत नाहीत. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी तीन गोष्टी तोंडी सांगा आणि त्यांचं ‘हो’ रेकॉर्डमध्येच घ्या: हे छापणार आहे, नाव आणि गाव बदलणार आहे, छापण्याआधी नको म्हणालात तर काढून टाकणार आहे. तिसरं वचन पाळायला जड जातं, कारण नेमका सगळ्यात चांगला भाग काढून टाकावा लागतो. तरी पाळा. तालुक्याच्या गावात एकदा शब्द मोडला की पुढची दहा वर्षं दार उघडत नाही.

एक बाब मात्र कायद्यानं तुमच्या हातात नाही. बोलता बोलता समोरची मुलगी अठरा पूर्ण झालेली नाही, लग्न झालं आहे आणि गरोदर आहे असं कळलं, तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे. लेखक त्यातून सुटत नाही. अशा वेळी लेख बाजूला ठेवून पोलिसांना कळवा, आणि मदतीसाठी बाल कल्याण समितीशी किंवा चाइल्डलाइनच्या १०९८ वर बोला. होऊ घातलेला बालविवाह कळला तर गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो.

आकडे वापरताना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, परभणी जिल्ह्यात अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण ४८ टक्के आलं. राज्याचं जवळजवळ २२ टक्के. हा आकडा ‘परभणीत निम्मी लग्नं बालविवाह’ असा सर्रास लिहिला जातो आणि तो चुकीचा आहे. प्रश्न सर्वेक्षणाच्या वेळी २० ते २४ वयाच्या बायकांना विचारला होता. म्हणजे ती लग्नं त्याआधीच्या काही वर्षांतली आहेत, त्या वर्षी लागलेली नाहीत. बीडचं २०११च्या जनगणनेतलं हजार मुलग्यांमागे ८०७ मुली हे प्रमाणही ० ते ६ वयाच्या लेकरांचं आहे, एकूण लोकसंख्येचं नाही. त्या मुलांची आता लग्नाची वयं येऊ लागली आहेत, आणि ‘मुलीच मिळेनात’ हे गाऱ्हाणं लिहिताना हा दुवा जोडून दाखवला तर लेखाला वजन येतं. आकडा एका लेखात एकच घ्या, पण त्याचं वय, वर्ष आणि कोणाला विचारलं ते सोबत द्या.

कायदा पाठ नको, पण हाताशी हवा

वकील होण्याची गरज नाही. चुकीचं छापू नये इतपत पुरे. सगळ्यात जास्त चूक होते ती ‘बाँडवरच्या फारकती’ची. शंभर-पाचशेच्या स्टँप पेपरवर दोघांच्या सह्या, चार पंचांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, आणि दोन्हीकडचे लोक समजतात लग्न मोडलं. हिंदू विवाह कायदा १९५५ प्रमाणे घटस्फोट कोर्टाच्या हुकुमानंच होतो. समाजाच्या जुन्या रूढीतली फारकत कलम २९(२)मध्ये राखून ठेवली आहे, पण ती रूढी पुराव्यानं सिद्ध करावी लागते. असा बाँड घेऊन दुसरं लग्न केलेल्या बाईला नंतर ‘तुझं लग्नच कायदेशीर नाही’ असं ऐकावं लागतं आणि खावटीलाही अडचण येते. तुमच्या सदरात वर्षातून एकदा तरी हे स्पष्ट लिहा.

बाकीचं थोडक्यात. संमतीचा घटस्फोट कलम १३ब खाली: आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, अर्जानंतर सहा महिन्यांची मुदत, आणि ती मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५चा, तो प्रामुख्यानं दिवाणी दिलासा देतो: राहण्याचा हक्क, संरक्षण, खर्च. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात वेळ लागतो, आणि वाचकाला तेही सांगा. सासरच्या छळाची फिर्याद दिली की लोक अजून ‘४९८ टाकली’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून नव्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ लागतं, आणि खावटीचं जुनं १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. बोलीत ४९८ ठेवा, कंसात नवं कलम द्या. मुस्लिम वाचकांसाठी मेहर, खुला (बायकोनं मागितलेला तलाक) आणि २०१९चा तिहेरी तलाकविरोधी कायदा समजून घ्या. बीड, परभणी, संभाजीनगरातले कितीतरी वाचक तुमचं सदर याच उत्तरासाठी उघडतील, आणि त्यांना हिंदू कायद्यातलं उत्तर देणं म्हणजे फसवणूक.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलाइतकाच. २००५ मध्ये बाप हयात नसला तरी हा हक्क जात नाही असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२०मध्ये स्पष्ट केलं. हक्कसोड पत्र नोंदणीकृत लागतं, त्यामुळं ‘कोऱ्या कागदावर सही घेतली’ या तक्रारीत नेमकं काय घडलं ते विचारूनच लिहा.

छापण्याच्या बाजूनं दोन मर्यादा आहेत. हिंदू विवाह कायद्याखालच्या खटल्यांचं कामकाज बंद दाराआड चालतं आणि कलम २२ प्रमाणे ते छापता येत नाही. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल परवानगीनं छापता येतात. बदनामी हा न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. नाव न घेताही माणूस ओळखू आला तर खटला होऊ शकतो. म्हणून पुढचा भाग जरा सावकाश वाचा.

एक पत्र आणि त्याचं उत्तर

हे पत्र उदाहरणासाठी रचलं आहे. पण अशी पत्रं येतात.

‘लग्नाला सोळा वर्षं झाली. मालक गावाकडं, शेती आणि दूध. मी लेकराच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहते, दोन वर्षं झाली. आत्याबाई म्हणतात, हिला शहराचं वारं लागलं. मालक आधी दर आठवड्याला यायचे, आता महिन्यानं येतात. आले तरी फोनमध्येच असतात. परवा म्हणाले, खोलीचं भाडं आता तुझ्या भावाकडून घे. भाऊ जवळच कपड्याचं दुकान चालवतो. काय करावं काही कळंना.’

पहिलं काम ओळख पुसण्याचं. या पत्रात तिला उघडं पाडणाऱ्या गोष्टी तीन: सोळा वर्षं, लातूर आणि जवळचं कपड्याचं दुकान. नाव बदलून काही उपयोग नाही, नणंदेला या तीन खुणा पुरेशा आहेत. सोळाचं ‘पंधरा-एक’ करा, दुकानाऐवजी भावाला नोकरी द्या, लातूरचं नांदेड करा. नांदेडलाही क्लास आहेत आणि खोल्याही, त्यामुळं गोष्ट बिघडत नाही. पुणे करू नका. भाडं, अंतर, महिन्याला येण्याचा अर्थ, सगळंच बदलून जातं आणि उत्तर खोटं पडतं. नियम असा धरा: हिशेब, अंतर आणि नात्याची वीण तशीच ठेवायची, बाकी तीन खुणा बदलायच्या. कोणत्या बदलल्या ते स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी त्याच बाईचं दुसरं पत्र आलं की घोळ होतो. छापायला किमान सहा आठवडे जाऊ द्या. आठवडाभरात छापलेलं पत्र घरच्यांना भांडणाच्या तारखेवरून ओळखू येतं.

दुसरं काम पत्रातला खरा प्रश्न शोधण्याचं. नवशिका लेखक फोनवर अडकतो आणि ‘दुसरी कोणी आहे का’ याकडं उत्तर वळवतो. तुम्हाला ते माहीत नाही आणि तिलाही नाही. पत्रात बदललेल्या, मोजता येणाऱ्या गोष्टी दोन आहेत, येणं आणि भाडं, आणि धरायचं ते भाडं. सोळा वर्षं ज्या घराचा खर्च नवरा करत होता तो आता भावावर ढकलतो आहे. याची कारणं अनेक असू शकतात. दुधाचा पगार घटला असेल, सोयाबीनचे पैसे आले नसतील, आईचं टोचणं ऐकून तो कंटाळला असेल, किंवा तिनं तिथं राहूच नये असं त्याच्या मनात असेल. उत्तर कारण सांगत बसत नाही, कारण कसं काढून घ्यावं ते सांगतं.

म्हणून उत्तरात हे यावं. पहिल्यांदा वहीत सहा महिन्यांचा हिशेब: भाडं, क्लासची फी, गॅस, किराणा, येण्या-जाण्याचं तिकीट, आणि प्रत्येकापुढं पैसे कोणी दिले. हा हिशेब भांडणासाठी नाही, बोलणं भरकटू नये म्हणून. मग तो येईल त्या दिवशी, लेकरू क्लासला गेल्यावर, जेवणं झाल्यावर बोलायचं. फोनवर नाही, भावासमोर नाही, गावाकडं आत्याबाईंसमोर तर नाहीच. पहिलं वाक्य लिहून द्या: ‘भाडं भरायला अडचण आहे का, का मी इथं राहू नये असं तुम्हाला वाटतंय? दोन्हीतलं काय ते मला सांगा, मी रागावणार नाही.’ प्रश्न दोन पर्यायांचा ठेवला की गप्प बसायला जागा कमी राहते. अडचण पैशाची निघाली तर लहान खोली, दुसऱ्या एखाद्या आईसोबत वाटून घेतलेली खोली, किंवा परीक्षेपर्यंतचे मोजके महिने, असे तीन पर्याय. न राहण्याची निघाली तर लेकराचं वर्ष मध्ये आहे, तेव्हा निर्णय परीक्षेनंतरच्या तारखेवर न्यायचा आणि तोवर त्यानं पंधरवड्यातून एकदा यायचं, एवढं मागायचं. भावाला परिस्थिती सांगून ठेवावी, पैसे मात्र या बोलण्याआधी घेऊ नयेत. एकदा घेतले की ते कायमचं ठरून जातं. महिनाभर काहीच हललं नाही तर मोठ्यांची बैठक, आणि आत्याबाई सख्ख्या असतील तर त्यात आपल्या वडिलांना आणण्याआधी विचार करावा. शेवटी एकच ओळ कायद्याची: बायको-मुलाचा खर्च ही नवऱ्याची जबाबदारी आहे, आणि वेळ आलीच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील मोफत मिळतो. ही ओळ वर आणू नका. वर आली की सगळं उत्तर धमकी म्हणून वाचलं जातं.

पत्र शंभर-सव्वाशे शब्दांत बसवा, उत्तर साडेतीनशे ते चारशे. पत्रातली बोली राहू द्या. ‘लेकरू’चं ‘अपत्य’, ‘मालक’चं ‘पतिराज’ केलं की गावाकडच्या वाचकाला ते आपलं वाटत नाही. उत्तराची भाषा तुमची नेहमीची. बाई ‘मालक’ म्हणते म्हणून तुम्हीही उत्तरात ‘मालक’ म्हणू नका, ‘तुमचे मिस्टर’ किंवा ‘नवरा’ म्हणा. इथं तुमची भूमिका न बोलता कळते. शरीरसंबंधांवरच्या पत्रात साधे, ओळखीचे शब्द वापरा. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, खटले सोसले आणि वाचकांच्या शंकांना साध्या मराठीत उत्तरं दिली. शब्द आपल्याकडं आहेत, ते वापरायची सवय मोडली आहे.

काही पत्रं छापायची नसतात

मारहाण, जिवाला धोका, ‘लेकरांना घेऊन विहीर जवळ करावी वाटते’ अशी ओळ असलेलं पत्र सदरासाठी बाजूला ठेवू नका. त्याच दिवशी उत्तर द्या. आधी विचारा की फोन तिचा स्वतःचा आहे का आणि आत्ता बोलणं सुरक्षित आहे का. घरात फोन एकच असेल तर तुमचा मेसेजच तिच्या अंगाशी येईल. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मनाच्या त्रासाला टेलिमानस १४४१६. क्रमांक देऊन थांबू नका, जवळची एक विश्वासाची व्यक्ती कोण ते तिच्याकडून वदवून घ्या. असल्या संवादासाठी एक समुपदेशक आणि एक वकील आधीच बोलून ठेवलेले असावेत. सदर सुरू करण्याआधी ही दोन माणसं मिळवा, नंतर नाही.

छापायचं कुठं, पैसे किती

संपादकाकडं कल्पना घेऊन जाऊ नका. आठशे शब्दांचे तीन पूर्ण लेख आणि पुढच्या बारा लेखांचे दोन-दोन ओळींचे विषय घेऊन जा. घरात आठ लेख तयार असल्याशिवाय साप्ताहिक सदर स्वीकारूही नका. पहिल्या आजारपणात किंवा घरच्या लग्नात सदर चुकतं आणि एकदा चुकलेली जागा दुसऱ्याला जाते. सुरुवात लातूरचं ‘एकमत’, नांदेडचं ‘प्रजावाणी’, बीडचं ‘झुंजार नेता’ यांसारख्या जिल्ह्याच्या दैनिकांतून करावी. तिथं वाचक तुम्हाला रस्त्यात अडवून बोलतो आणि चुका लवकर कळतात. मग ‘चतुरंग’, ‘मधुरिमा’, ‘सखी’ यांसारख्या पुरवण्या आणि ‘मिळून साऱ्याजणी’सारखी मासिकं. आकाशवाणीच्या परभणी आणि छत्रपती संभाजीनगर केंद्रांवर भाषणं आणि श्रुतिका जातात. न वाचणाऱ्या बायकांपर्यंत पोचायला तो रस्ता अजून चांगला आहे. दिवाळी अंकाचा लेख जून-जुलैत हाती असावा, गणपतीनंतर पाठवलेला बहुधा पुढच्या वर्षावर जातो.

विषय हंगामाशी बांधा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईचे लेख, दसरा-दिवाळीला टोळ्या निघताना ऊसतोडीचे, परीक्षेच्या आधी लातूरच्या खोल्यांचे, राखीला हक्कसोडीचे. अधिक महिन्यात धोंडे खायला बोलावलेल्या जावयाचा मानपान हा भांडणाचा मोठा विषय होतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ.

पैशाचं सरळ बोला. छोटी दैनिकं पुष्कळदा मानधन देत नाहीत. पहिले काही महिने तसं लिहिलं तरी मुदत ठरवून लिहा, सहा महिन्यांपलीकडं नको. नुसत्या सदरावर घर चालत नाही, म्हणून नोकरी, वकिली, शाळा हातची सोडू नका. सरकारी नोकरीत असाल तर मानधनाबद्दल कार्यालयाची लेखी परवानगी काढून ठेवा. खरी मिळकत आजूबाजूच्या कामातून होते: संस्थांची प्रशिक्षण पुस्तिका, पथनाट्याची संहिता, महाविद्यालयातलं लग्नाआधीच्या तयारीचं सत्र, अनुवाद. प्रत्येक कामाचा दर, शब्दसंख्या, दुरुस्त्या किती वेळा आणि पैसे किती दिवसांत, हे ईमेलवर लिहून घ्या. पॅन दिलेलं नसेल तर कर जास्त कापला जातो, तेव्हा बिलावर पॅन आणि बँकेचा तपशील पहिल्यांदाच द्या.

आठवड्याला साडेसातशे शब्द धरले तर पन्नास लेखांचे ३७,५०० होतात, दीडशे पानांचं पुस्तक. पण वर्तमानपत्रात छापलेल्या लेखांचे हक्क कोणाकडं आहेत ते आधी बघा. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्क लेखी करारानंच दिले जातात, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. पुस्तकाला छापील किमतीवर १० टक्के मानधन ही रूढ बोली आहे. दोनशे रुपयांच्या हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली तर हातात येतात २०,००० रुपये, तेही दोन-तीन वर्षांत. ‘तुम्ही चारशे प्रती विकत घ्या, आम्ही छापतो’ असं म्हणणाऱ्याकडून छापून घेतलं तर ते पुस्तक तुमच्याच माळ्यावर पडून राहतं.

पत्रं सांभाळणं

मूळ पत्रं, मेसेज आणि रेकॉर्डिंग एका कुलूपबंद कपाटात किंवा पासवर्ड लावलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. घरातल्या कोणालाही दाखवू नका, नवऱ्याला नाही, बायकोलाही नाही. पत्राला नावाऐवजी क्रमांक द्या आणि नावांची वही वेगळी, वेगळ्या जागी. सदराच्या ईमेलला आणि व्हॉट्सअॅपला वेगळा नंबर ठेवा, स्वतःचा देऊ नका, कारण रात्री अकराला फोन करणाऱ्यात पत्र लिहिणारीचा नवराही असतो. तो ओळखून भांडायला आला तर ‘हे तुमच्या घरचं नाही’ असंही म्हणू नका आणि ‘हो’ असंही म्हणू नका. ‘कोणाचं पत्र आहे ते मी कधीच सांगत नाही’ एवढं एकच वाक्य, प्रत्येकाला, प्रत्येक वेळी. छापून दोन वर्षं झालेली पत्रं, ज्यांचा कोर्टकचेरीशी संबंध नाही, ती दिवाळीच्या आवराआवरीत स्वतःच्या हातानं फाडून टाका. रद्दीत देऊ नका. तालुक्याच्या गावात रद्दीचा कागद भेळीच्या पुडीत फिरतो.